एकतर मासळी, नाहीतर इंग्रजी

कमलाकांत सरांना अख्खी शाळा 'आयदर सर' म्हणायची. सरांना ते ठाऊक होतं आणि त्याचा रागही नव्हता. उलट आतून गुदगुल्याच व्हायच्या. इंग्रजी भाषा केवढी अफाट! पण सरांचा जीव अडकलेला एकाच जोडीत, आयदर-ऑर. जून उजाडला की फळ्यावर पहिलं वाक्य तेच: 'आयदर सुका ऑर वामन हॅज ब्रोकन द विंडो.' सुका किंवा वामन, दोघांपैकी एकानंच काच फोडली. दोघांनी मिळून फोडली असेल असं एखाद्यानं म्हटलं रे म्हटलं की सरांची छडी टेबलावर आपटायची. "आयदर म्हणजे एकच! दोघं हवे असतील तर बोथ. बोथ मार्चमध्ये!" आणि मार्चमध्ये पोर्शन संपवायची घाई, त्यामुळे बिचारं बोथ-अँड दरवर्षी दहा मिनिटांत उरकायचं.

नायदर-नॉर मात्र ते झकास शिकवत. "नायदर द टीचर नॉर द बॉइज आर रेडी. इथं 'आर' का? कारण क्रियापद जवळच्या कर्त्याचं ऐकतं." सरांच्या घरीही हाच नियम होता. जवळच्या कर्त्या म्हणजे पुष्पलताबाई, आणि क्रियापद म्हणजे कोण ते सांगायला नको.

शाळा समुद्रकाठच्या गावात, बोईसरहून एस.टी.नं अर्ध्या तासावर. निम्मी पोरं मच्छीमारांची, निम्मी वरच्या डोंगरपाड्यांवरची. घरचं काम ना इकडच्यांना चुकलेलं ना तिकडच्यांना. पण सरांना ते पटत नसे. पोरांना निवड करता आली पाहिजे, असं ते शिक्षकांच्या खोलीत तावातावानं सांगत. स्वतः मात्र हॉटेलात चहा की कॉफी यावर पाच मिनिटं घालवत. असो. सांगणारे सांगतात, करणारे करतात.

चौऱ्याऐंशी साली नववीत लाडकी नावाची मुलगी होती, पाड्यावरची. अक्षर असं की सरांनी तिची वही इतर वर्गांत फिरवली होती. पण दिवाळी झाली की ती आईबापांबरोबर वीटभट्टीवर जायची, ती होळीला उगवायची. सरांनी तिला वर्गात उभं केलं. "एकतर शाळा, नाहीतर भट्टी. दोन दगडांवर पाय ठेवून चालत नाही. सोमवारी सांग." सोमवारी लाडकी आली नाही. नंतरही आली नाही. सरांनी हजेरीपटात तिच्या नावावर तांबडी रेघ ओढली आणि चहा पिताना म्हणाले, "चला, पोरीनं निर्णय तरी घेतला!"

पुढं शहाऐंशी साली दहावीत आली हंसा. तिचा बाप नवशा बोटीवर जाणारा, आई जमना बोईसरच्या बाजारात मासळी विकणारी. मोठी बहीण त्या साली लग्न होऊन गेली आणि दुसरी टोपली उचलायला घरात कोणी उरलं नाही. मग हंसा पहाटेच्या टेम्पोनं आईबरोबर जायची, टोपली उतरवून द्यायची आणि परत येऊन शाळा गाठायची. गाठेपर्यंत पहिला तास निम्मा झालेला असायचा. आणि पहिला तास इंग्रजीचा. पोरगी दप्तर छातीशी धरून दारात उभी, अंगाला बोंबलांचा वास, मागची पोरं नाक धरून हसतायत. बोर्डाचा फॉर्म भरायला हजेरी पुरी हवी, आणि हजेरी सरांच्या पेनात.

शनिवारी सर गरजले. "एकतर मासळी, नाहीतर इंग्रजी! सोमवारी सांग."

सोमवारी हंसा आली नाही. आठवडाभर आली नाही. सरांनी तांबडं पेन काढून खिशाला लावून ठेवलं. फॉर्म भरायला पंधरा दिवस राहिले होते.

आणि रविवार आला. सरांचे नवे जावई पहिल्यांदाच जेवायला येणार होते. पुष्पलताबाईंनी पिशवी हातात दिली. "पापलेट आणा. मोठी आणा. आणि तुमची अक्कल चालवू नका, जमनाबाईकडूनच आणा."

जमनाची विकायची तऱ्हाच वेगळी होती. पाटावर दोन वाटे लावायची, आणि 'घेणार का' असं जन्मात विचारायची नाही. "ह्यो देऊ का त्यो?" बस्स! 'नको' म्हणायला गिऱ्हाइकाला जागाच नाही. कारखान्यातल्या भैया लोकांनाही तेच, "ये लेगा का वो लेगा?" माणूस डोकं खाजवत विचार करायचा आणि शेवटी दोन्ही वाटे घेऊन घरी जायचा. अकरा वर्षं सर तिच्याकडून मासळी घेत होते, पण आपल्यापेक्षा पक्की आयदर-ऑर या बाईला येते हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नाही.

"जमनाबाई, चार पापलेट. जावई येतायत."

जमनानं पापलेटांवर ओलं फडकं ओढलं. "नाय देत."

"म्हणजे? विकली गेली?"

"हायत ना! तुमाला नाय देत. तुमीच बोललं ना माझे पोरीला, एकतर मासली नायतर इंग्लिश? मंग तुमी इंग्लिश घेतलंय, मास्तर. जा, त्याचाच कालवन करा. जावयाला वाढा."

बाजार हसला. सर तोऱ्यात शेजारच्या बाईकडे वळले, तर तिनंही फडकं ओढलं. तिच्या पलीकडचीनंही. ओळीत नऊ बाया, नऊ फडकी! भाव करताना एकमेकींच्या झिंज्या उपटतील, पण एकीच्या पोरीला कोणी बोललं की नऊजणींचं तोंड एक. शेवटची म्हातारी तर वर म्हणाली, "दुधी भोपला तिकडं भेटतो, गुरुजी."

जावयांनी दुधी खाल्ला. वर 'छान झालाय' असंही म्हणाले, आणि तेच पुष्पलताबाईंना जास्त लागलं. खरं कारण कळल्यावर तर त्यांनी सरांना फाडूनच खाल्लं. "पोरीचं वर्ष बुडवायला निघालात? आणि वर माझी अब्रू घालवलीत जावयासमोर! आधी त्यांच्या घरी जा, मग या घरात मासळीचं नाव काढा."

तिसऱ्या दिवशी सर नवशाच्या अंगणात हजर. नवशा जाळं सांधत बसला होता. सर घसा साफ करून म्हणाले, "नवशाभाऊ, निर्णय तुमचा आहे. हंसाला शाळेत—"

"मना नको इचारू, मास्तर," नवशा मान वर न करता म्हणाला. "मी दर्यातला सांगतो. घरातला ती सांगते."

आतून जमना आली. मागं दाराआड हंसा, हातात इंग्रजीचं पुस्तक. आठवडाभर पोरगी ते उशाशी घेऊन झोपली होती, हे सरांना नंतर कळलं.

"मी टोपली सोडनार नाय, नि पोरगी शाला सोडनार नाय," जमना म्हणाली. "दोनी व्हनार. तुमचा तास तुमी दुपारी लावा. नि आठ दिवस बुडालं, ते तुमी शिकवाल. बोला."

"पण वेळापत्रक..."

"वेलापत्रक काय देवानं लिवलं?"

वेळापत्रक सरांनीच लिहिलं होतं. इंग्रजी दुपारी गेलं, पहिल्या तासाला चित्रकला आली, आणि जगबुडी काही झाली नाही. हजेरी भरली, फॉर्म गेला, आणि जूनमध्ये हंसा पास झाली. इंग्रजीत वर्गात पहिली! गावात पेढे वाटले गेले. सत्कारात सर बोलले, "मी तर पहिल्यापासून म्हणत होतो, बोथ इज पॉसिबल." जमना पहिल्या रांगेत बसून ऐकत होती. तिनं फक्त पदर तोंडाला लावला.

त्या रविवारी तिनं सरांना चार पापलेट दिली आणि वर एक पाचवं टाकलं. सर खुशीत बोईसरला लागूनच्या सरावलीतून घरी निघाले. वाटेत एका चाळीचं बांधकाम चाललं होतं. विटांचं घमेलं डोक्यावर घेतलेली एक मुलगी थबकली.

"सर!"

लाडकी होती. सरांनी आधी अक्षर आठवलं, मग नाव.

"हंसा पास झाली ना, सर? तिला दोनी करू दिलं?"

"हो," सर म्हणाले. हातातली पिशवी त्यांना एकदम जड झाली. "पण लाडकी, तू तेव्हा काही बोलली का नाहीस गं? तुझ्या आईनं तरी यायचं होतं माझ्याकडं भांडायला."

लाडकी हसली. तिच्या हसण्यात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

"आय काय भांडंल, सर? तुमी आमचेकडनं काय इकत घेत व्हता?"

वरून मुकादम ओरडला. ती घमेलं सावरून शिडी चढून गेली.

घरी पुष्पलताबाईंनी पापलेट धुतली, मीठ-हळद लावलं. "तळू की कालवण करू?"

सर पायरीवर बसले होते, खिशातलं तांबडं पेन हातात धरून.

"दोन्ही नको," ते म्हणाले.

पुष्पलताबाईंनी बाहेर येऊन त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.