दोन दोर आणि एक सॉरी
नव्या नायलॉनच्या दोराचा वास आला की हिंगोलीच्या एका कॉलेजातला उकडणारा हॉल आठवतो आणि माझे कान तापतात. मला माझ्या संशोधनाबद्दल बोलायला बोलावलं होतं. पॉलिमरच्या, म्हणजे दोरासारख्या लांबलचक रेणूंना विद्युतभार देऊन आम्ही यंत्रातल्या वायूतून पळवतो. गुंडाळलेला रेणू लवकर पोचतो, पसरलेला अडखळत मागून येतो, आणि त्या वेळेवरून आकार कळतो. हे दाखवायला मी कळमनुरीच्या बाजारातून सारखे दोन दोर नेले होते. एक गुंडाळून टेबलावर ठेवला, एक जमिनीवर मोकळा सोडला. पहिल्या रांगेतले सर मध्येच म्हणाले, "वजन बराबर, लांबी बराबर, मग आकार वेगळा कसा होईल? इंग्लिश मीडियमचं लेकरू, मराठीत गडबडून राहिलं!" हॉल हसला. चूक त्यांची होती, मला उत्तर येत होतं, आणि तरी मी "सॉरी सर" म्हणून खाली बसले. दारात उभं राहून सगळं ऐकलेल्या मावशी नंतर हॉल झाडत होत्या, तेव्हा त्यांचा पाय त्या मोकळ्या दोरात अडकला. तो सोडवत त्या म्हणाल्या, "गुंडाळलेला कुठं आडवा आला? पसरलेलाच आला ना! बराबर सांगत होतीस की पोरी, मग सॉरी काहून म्हणलीस?" सरांना द्यायची उत्तरं मी आजही मनात ओरडून देते. मावशींच्या प्रश्नाला मात्र अजून उत्तर नाही, आणि जास्त राग त्याचाच येतो.