पेन्सिलचा ठिपका

निघायच्या दिवशी गाडी दारात उभी होती, बॅगा चढल्या होत्या, शेजारपाजार जमला होता आणि आईचा पत्ता नव्हता. आई गावातल्या शाळेत चौथीला शिकवायची. वर्गातली एक मुलगी चार दिवस आली नव्हती, म्हणून ती तिच्या घरी गेली होती. पोटची पोर अमेरिकेला निघालेली असताना! ती घामाघूम होऊन परतली तेव्हा मी फुरंगटून बसले होते. ती म्हणाली, "तू कुठे जातेस ते मला माहीत आहे. ती का येत नाही, ते माहीत नव्हतं."

तिची एक खोडच होती. मूल आलं नाही तरी हजेरीत ती लगेच 'गैरहजर' लिहायची नाही. त्या चौकोनात पेन्सिलने बारीक ठिपका द्यायची. शाळा सुटली की त्या घरी जायची, ओट्यावर बसायची, लेकराशी आणि त्याच्या आईशी बोलायची आणि मगच शाईचं पेन उघडायची. हेडमास्तर करवादायचे, तपासणीत शेरे पडायचे. "डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी कुणाला गैरहजर म्हणणार नाही," एवढंच तिचं उत्तर. ती सदा कुणाच्या ना कुणाच्या ओट्यावर, आणि दादा नि मी घरी गार पोळी खात तिची वाट बघत. राग यायचा. अजूनही थोडा येतो.

आता इथे अमेरिकेत, बॉथेलमध्ये मी रोज लॅपटॉपसमोर बसून मीटिंगला हजेरी लावते, आणि फोन वाजला की आधी नंबर तिकडचा आहे का ते बघते. गेल्या महिन्यात आई पडली. तेव्हापासून ती अंथरुणातच आहे, डॉक्टर नक्की काही बोलत नाहीत. निघावं तर माझ्या पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला. इथे राहता येतं, पण एकदा बाहेर पडलं की तिकडच्या अमेरिकन वकिलातीत इंटरव्ह्यू देऊन नवा स्टॅम्प मिळाला तरच परत येता येईल, आणि अपॉइंटमेंट मिळत नाहीये. तुमच्यातले जे इकडे आलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. जे तिकडे राहिलेत त्यांना वाटतं, तिकीट काढायचं आणि यायचं. माझी दहा वर्षांची रेवा विचारते, "मम्मा, व्हॉट इफ दे डोन्ट लेट यू बॅक?" मी म्हणते, येऊ देतील गं परत. माझा आवाज मलाच खोटा वाटतो.

परवा संध्याकाळी दादाचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ होती. "आईने कोरं हजेरीपुस्तक मागवलंय," तो म्हणाला. "आपल्या सगळ्यांची नावं लिहिलीत. रोज हजेरी घेते." त्याने फोन पानावर धरला. दादा हजर, वहिनी हजर. माझ्या नावापुढे नुसते पेन्सिलचे ठिपके.

"आई, अगं, लिहून टाक ना गैरहजर," मी हसत म्हणायला गेले, पण हसू काही आलं नाही.

तिने हजेरीपुस्तक आपल्याकडे ओढलं. मग म्हणाली, "कशी लिहू? तुझ्या घरी यायचं राहिलंय माझं."

चौदा वर्षांत ती इथे एकदाही आली नाही. आधी तिची शाळा होती, मग तिचे गुडघे. आणि खरं सांगते, मीही कधी हट्ट धरला नाही.

कॉल संपल्यावर मी तिकीट काढलं, फक्त जायचं. रेवाने विचारलं, परत कधी? मी म्हटलं, माहीत नाही. घर कुठे असं कुणी विचारलं की इतकी वर्षं मी बॉथेलचा पत्ता सांगत आले. आता विचारलं तर मला ते पान आठवतं, ज्यावर माझ्या नावापुढे अजून शाई लागलेली नाही. तिच्या हातातून पेन्सिल सुटायच्या आत मला पोचायचंय.