माळढोकाला फांदी चालत नाही

"परंड्याकडं माळढोक कुठं दिसेल?" हे विचारणारे वाचक थांबत नाहीत, म्हणून लिहावं लागतंय. मी पाहिला तो माळ आता उरलेला नाही.

सत्तरच्या दशकातला दुष्काळ. बेंबळीच्या शाळेत मी भूगोल शिकवत होते. जमीन, पाऊस आणि प्राणी यांचं नातं फळ्यावर पटेना, म्हणून सातवीचा वर्ग घेऊन एसटीनं निघाले. मुलांना अर्धं तिकीट. येरमाळ्याला चहा, बरोबर आणलेली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. परंड्यात मुक्काम सहकारी सोसायटीच्या गोदामात. धान्य नव्हतं, त्यामुळं जागा ऐसपैस. पाणी घरूनच न्यावं लागलं. आजही न्या.

सकाळी माळावर गेलो. मुरमावर मातीचा पातळ थर, तुटपुंजा पाऊस, म्हणून इथं जंगल नाही, गवत. आणि गवत म्हणून काळवीट, माळढोक. एवढं सांगून होतंय तोच दुष्काळी कामावरचे मजूर त्याच गवतात खड्डे खणताना दिसले.

"झाडं लावायलोत, बाई," मुकादम म्हणाले. "पुढच्या टायमाला पोरं सावलीत बसवा."

"मग माळढोक कुठं जाईल, मामा?" माझ्या वर्गातल्या शोभानं विचारलं.

"झाडावर बसंल की! पाखरूच हाय न्हवं?" मजूर हसले.

"त्याला मागचं बोट नसतंय, फांदी कशी धरंल? आन् लांबचं दिसलं न्हाय तर त्यो ऱ्हातच न्हाय."

हसणं थांबलं. "व्हय गं," मुकादम म्हणाले, "पण खड्डं न्हाय खणलं तर आमी खावं काय?"

तेवढ्यात दूर गवतातून पांढरी मान वर आली. कमरेएवढा उंच पक्षी. संथ चालला, मग धावला आणि जड पंखांनी खड्ड्यांपासून लांब निघून गेला. कुदळी थांबल्या होत्या.

"पल्याडचा तुकडा सोडा म्हणून सायबाला लिहून द्या, बाई," मुकादम हळूच म्हणाले. "आमी दुसरीकडं खणू."

बेंबळीला परतल्यावर मुलांनी नकाशा काढला. तो घेऊन मी पुन्हा त्या माळावर गेले आणि तिथून परंड्याच्या कचेरीत. तुकडा सुटला. काही वर्षं माळढोक तिथं दिसायचा. मग कालव्याचं पाणी आलं, ऊस आला. ऊस कुणाला नको होता? लावलेली झाडंही छान वाढली. त्यांच्या सावलीत बसले, तर नजर पहिल्याच खोडाशी अडली. अजून कुठं मोकळं रान दिसलं की मी गाडी थांबवायला लावते आणि ती मान शोधत राहते.

तेव्हा कचेरीत दिलं ते असं: माळाचा नकाशा, एक. न खणायचा तुकडा पिवळ्या खडूनं रंगवलेला. खाली साऱ्या वर्गाच्या सह्या, आणि खड्डे खणणाऱ्या मजुरांचे अंगठे.