वहीतला परीट

आज सकाळी बेंगळुरूत, जे. पी. नगरमधल्या आमच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशी एक परीट पक्षी शेपटी हलवत उतरला आणि मला एक जुनी वही आठवली.

नव्वदच्या दशकात, पुण्याहून नवीनच आले होते तेव्हा, मी दर रविवारी तळ्याकाठच्या निसर्ग केंद्रात पक्षी बघायला जायचे. हिवाळ्यातला पहिला परीट कुणाला दिसला, ते तिथल्या वहीत नावानिशी लिहीत. त्या रविवारी बांधावर काहीतरी करडं हललं आणि उडून गेलं.

"परीट," मी म्हणून बसले.

वही सांभाळणारे बेळगावचे अण्णा पेनचं टोपण काढून माझ्याकडे बघत राहिले. "शेपटी हलताना बघितलीस काय?"

शेपटी मला दिसलीच नव्हती. चिखलाचा ओला वास येत होता.

"हो."

"सरी, ठीक आहे," म्हणत त्यांनी माझं नाव लिहिलं. सुटले, असं मला वाटलं.

पुढच्या रविवारी पोचले, तर अण्णा त्याच बांधावर उकिडवे बसलेले. "स्वल्प लवकर आलो," ते म्हणाले. "तुझा परीट मलाही बघायचाय."

त्यांना सगळं कळलं होतं, असं आता वाटतं. तेव्हा मी मुकाट्याने शेजारी बसले आणि दुर्बीण डोळ्यांना लावली.