सम्यकचं शिफारसपत्र

सम्यक बिडकीनचा. त्याची आई गीताबाई वाळूजला एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटते. पोरगं बी.ए.ची तीन वर्षं माझ्या राज्यशास्त्राच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसलं. मला त्याच्याबद्दल ठाऊक होतं ते एवढंच. सांगायला लाज वाटते, पण खरं आहे.

दिवाळीनंतर तो पुंडलिकनगरला माझ्या घरी आला. परदेशात सुरक्षा अभ्यास या विषयात एम.ए. करायचं म्हणाला. दोन विद्यापीठांची माहिती छापून आणली होती. एक लंडनचं, नावाजलेलं. तिथं युद्धं, अण्वस्त्रं, मोठ्या देशांचे डावपेच. दुसरं नेदरलँड्समधल्या एका लहान गावातलं; तिथं दंगली, अफवा, शेजाऱ्याची वाटणारी भीती असलं शिकवतात.

"सर, मला हे दुसरं बरं वाटतंय."

"येडा का काय तू? त्या गावाचं नाव तरी कुणी ऐकलंय का? लंडनच घे. नावाला किंमत असते."

त्यानं दुसऱ्या विद्यापीठाचे कागद घडी घालून खिशात ठेवले. उलटून बोलणारं पोरगं नव्हतंच ते. अर्ज एकट्या लंडनला करायचा, हे मीच ठरवून टाकलं.

मग शिफारसपत्राचा विषय निघाला. आमच्याकडं रीत अशी, की विद्यार्थ्यानंच पत्र लिहून आणायचं आणि सरांनी सही ठोकायची. आदल्या वर्षी ऋतुराज नावाच्या पोरानं स्वतःला 'दशकातला सर्वोत्तम विद्यार्थी' लिहून आणलं, त्यावरही मी सही केली होती. सम्यकनं पत्र आणलं तेव्हा टीव्हीवर मॅच चालू होती. मी कागद मांडीवर घेतला, सही केली, परत दिला.

मार्चमध्ये लंडनचा नकार आला. "असू द्या सर, तुम्ही लई केलं माझ्यासाठी," असं तोच मला म्हणाला. नेदरलँड्सचे अर्ज अजून दहा दिवस चालू होते. म्हटलं, आण ते जुनंच पत्र, विद्यापीठाचं नाव तेवढं बदलू. तेव्हा मी ते पहिल्यांदा वाचलं.

'सम्यक वर्गात वेळेवर येतो. तो शांत असतो. त्याने कधी कोणाला त्रास दिला नाही.' खाली माझी झोकदार सही.

"अरे, हे काय लिहिलंस?"

"आपल्याच तोंडानं आपली तारीफ कशी करायची, सर? अन् तुमच्या सहीच्या वर खोटं कसं घालायचं?"

तो कागद मी माझ्याकडंच ठेवून घेतला. पत्र मी लिहितो म्हणालो. लिहायला बसलो तर एक ओळ सुचेना. नकार त्या पत्रामुळंच आला की नाही, देव जाणे, पण मला तरी दुसरं कारण दिसत नव्हतं.

शेवटी कॉलेजच्या कपाटातून त्याचा तिसऱ्या वर्षाचा प्रकल्प शोधून काढला. त्याला मी न वाचताच सत्तर मार्क दिले होते. शहरात तणाव असला की अफवा कुणाकडून कुणाकडं जाते, यावर तो होता. दोन्हीकडच्या मोहल्ल्यांतली बेचाळीस घरं हे पोरगं पायी फिरलं होतं. कुणी काय ऐकलं, कुणाकडून ऐकलं, दार कधी लावून घेतलं, सगळं टिपून ठेवलेलं. सव्वीस वर्षांच्या नोकरीत असं काम माझ्या हाती आलं नव्हतं. हे वेळेवर वाचलं असतं तर त्याला लंडनकडं ढकललंच नसतं.

दोन पानी पत्र लिहून पाठवलं. उत्तर अजून आलेलं नाही. गीताबाईंचा फोन येतो, "सर, तुमच्यामुळं पोरगं इथवर आलं." मी नुसतं हं हं करतो.

प्रकल्प कपाटात परत ठेवताना आभाराचं पान दिसलं, पहिल्यांदा तेवढं पलटून पुढं गेलो होतो. 'माझे प्रत्येक पान बारकाईने वाचणाऱ्या बद्रीनाथ सरांचा मी ऋणी आहे.' कच्ची प्रत परत देताना "पान न् पान वाचलंय रे," असं मीच त्याला सांगितलं होतं, आणि पोरानं ते खरं मानलं होतं.