आत थंडी, छज्ज्यावर आमचे हे

एसी रिपेअरीच्या दुकानात गॅसचे सिलिंडर, पत्रे, पाइप ठेवायला जागा पुरत नाही, आणि त्यात हे किस्से! मार्च लागला की रोज एक नवा येतो. विकायला काढला तर कुणी घेत नाही, टाकून द्यावा म्हटलं तर डोक्यातून जात नाही. ऐकणारे पोट धरून हसतात. मला मात्र हसू येत नाही, मला राग येतो. आधीच सांगून ठेवते, नाहीतर म्हणाल वैनी उगाच तापल्या.

दुकान कोल्हापुरात. फोन मी उचलते, कामाला आमचे हे जातात. गिऱ्हाइकं यांना महादेव मिस्त्री म्हणतात आणि मला वैनी. आमचं जास्तीचं काम भिंतीतल्या एसीचं. म्हणजे भिंतीला चौकोनी भोक, त्यात पत्र्याचा खोका आणि खोक्यात मशीन. तोंड खोलीत, पाठ बाहेर. सर्व्हिसिंगला ते मशीन ड्रॉवरसारखं खोलीत ओढायचं असतं. खोलीत! कुणी बाहेर लोंबकळायची गरज नसते. पण लोकांना आपल्या फरशीची काळजी. मग लाडात येऊन म्हणतात, "मिस्त्री, बाहेरनंच जरा बघा की!"

असंच "जरा बघताना" हे दुसऱ्या मजल्याच्या छज्ज्यावरून खाली आले. मांडीत रॉड घालावा लागला. सगळा पावसाळा खाटेवर काढला. तेव्हापासून छज्ज्याचं काम आलं की मी आधी दहा प्रश्न विचारते. दुकानाच्या दारावर मी रंगवून घेतलंय, "बेल्ट नाही तर काम नाही." कमरेला, खांद्याला बांधायचा सेफ्टी बेल्ट हो, दोन दोऱ्या आणि दोन हुकांचा. पण यांचा स्वभाव असा, की गिऱ्हाईक गोड बोललं की हे विरघळले! "जाऊ दे की, दोन मिनटाचं काम हाय." या दोन मिनिटांनी माझा जीव खाल्लाय.

*

गडमुडशिंगीतून एका बापूंचा फोन आला. "वैनी, एसी लावल्यापासनं म्हस दूध दीना झालीया."

मला वाटलं राँग नंबर. म्हटलं, "बापू, हे एसीचं दुकान हाय, जनावराच्या डाक्टरचं न्हवं."

"म्हाईत हाय की! म्हणून तर तुमास्नी फोन लावला."

तळमजल्याचं काम, छज्जा नाही, म्हणून मी खुशीत यांना पाठवलं. जाऊन बघतात तर भिंतीपलीकडं गोठा! गवंड्याला जिथं मोकळी भिंत दिसली तिथं त्यानं भोक पाडलेलं. एसीची पाठ थेट म्हशीच्या तोंडावर. दिवसभर बिचारीला गरम वारा. आणि कडब्याचा भुसा मशीनमध्ये असा ठासून बसलेला, की हवा जायला जागा नाही.

यांनी शांतपणे समजावलं, की भोक रस्त्याकडच्या भिंतीला पाडा. बापूंनी म्हशीच्या पाठीवरनं हात फिरवला. मग म्हणाले, "मिस्त्री, भोक हाय तिथंच ऱ्हाऊ दे. मशीन तेवढं उलटं बसवा. आमी काय, फॅनखाली झोपतो."

आणि आमच्या ह्यांनी तिथनं मला फोन करून विचारलं, "बसवू का?"

म्हटलं, "आधी घरला या तुमी!"

*

एका बंगल्यात एसीचं पाणी रोज पलंगावर ठिबकत होतं. खोका बसवताना बाहेरच्या बाजूला थोडा उतार द्यायचा असतो, म्हणजे पाणी बाहेर जातं. इथं उतार आत!

हे म्हणाले, "साहेब, गवंड्यानं घोळ घातलाय."

मालक म्हणाले, "घोळ कसला? मीच सांगितलं होतं. या दिशेनं पाणी घराबाहेर जाता कामा नये, असं वास्तूवाल्यांनी बजावलंय. पाण्याबरोबर लक्ष्मी जाती."

"मग ते पलंगावर पडणारच की!"

"ते थांबवा. त्यासाठीच तर तुम्हाला बोलावलंय."

पाणी बाहेर जायचं नाही आणि आतही पडायचं नाही! आमचे हे संध्याकाळपर्यंत तिथं हुज्जत घालून, डोकं धरून परत आले. खोका बाहेरून उचलून बघा, हेही मालकांनी सुचवलं म्हणे. वरच्या मजल्यावर, छज्ज्यावरून! यांना "नाही" म्हणायचं बळ आपोआप आलं नाही हं, फोनवर मी होते म्हणून आलं.

आठवड्यानं मालकांचाच फोन. खूश होते. "वैनी, तुमच्या मिस्त्रींना जमलं नाही, पण उपाय सापडला. त्या पलंगावर आता पावण्यांना झोपवतो."

*

आता हा ऐका, यानं तर माझं डोकंच फिरलं होतं.

एप्रिल म्हणजे चटणीचे दिवस. आमच्याकडे वर्षाची चटणी, म्हणजे कांदा-लसूण मसाला, एकदम करतात, त्यामुळं गच्ची, अंगण, ओटा, जिथं बघाल तिथं मिरच्या वाळत पडलेल्या. राजारामपुरीतल्या एका बाईंची तक्रार आली, की एसी लावला की घरात सगळ्यांना ठसका लागतो, गॅस लीक झालाय, ताबडतोब या.

यांनी मशीन ओढलं तर आत मिरचीचं बी! एसीच्या पाठीमागं, छज्ज्यावर मिरच्या पसरलेल्या. गरम वाऱ्यावर लवकर वाळतात म्हणून. खोक्याच्या फटीतून तिखट घरात येत होतं आणि बाई गॅसला शिव्या देत होत्या. यांचे डोळे सुजले, नाक वाहायला लागलं, तरी सगळं धुऊन काढलं.

तेवढ्यात बाई म्हणाल्या, "मिस्त्री, जरा छज्ज्यावर उतरून तेवढ्या मिरच्या गोळा करून द्या की. वाऱ्यानं पार कडंला गेल्यात."

नशीब माझं, यांनी मला फोन लावलेला आणि तो स्पीकरवर होता. मी ओरडले, "बाई! मिरच्या तिथं ठेवल्या कुणी?"

"आमच्या ह्यांनी. खिडकीतनं काठीनं सरकवल्या."

"मग तेच का न्हाय उतरत?"

"अगं बाई, काहीतरीच काय! ते पडले म्हणजे?"

मी फोन टेबलावर असा आपटला, की स्क्रीन तडकली. अजून तशीच आहे.

*

सगळे असेच असतात असं नाही. जयसिंगपुरात एका जैन व्यापाऱ्यांच्या घरी गेलो होतो, मी पण सोबत होते. घरातल्या आज्जींनी उन्हाळाभर एसी बंद ठेवला होता, कारण मागं खोक्याला लागून कबुतरानं पिल्लं काढलेली. त्यांना धक्का लावायचा नाही, पिल्लं खाली पडू नयेत म्हणून छज्ज्याला जाळी मारून द्या, एवढंच काम.

माझं टाळकं सटकलं. मी म्हटलं, "आज्जी, पिल्लाला जाळी, आणि मिस्त्रीला काय?"

आज्जींनी माझ्याकडे बघितलं, मग यांच्याकडे. आणि मुलाला हाक मारली, "ए, दोर आण! ह्याला आधी बांध खांबाला. जीव न्हाय व्हय त्याला?" बेल्ट होता आमच्याकडे. तरी त्यांनी वरून आपला दोर बांधायला लावला आणि जाळी होईपर्यंत स्वतः गाठीवर हात ठेवून बसल्या. असं एक घर भेटलं की मग वर्षभर बाकीच्यांचा राग दुप्पट येतो.

*

आणि हा यंदाचा.

दुपारी दुकानात मान वर केली तर बेल्ट खिळ्याला! हे गेले होते एका तळमजल्याच्या कामाला, म्हणून नेला नव्हता. तिथूनच एका साहेबांनी यांना परस्पर उचलून आपल्या फ्लॅटवर नेलं, हे मला तिथं फोन केल्यावर कळलं. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. यांना फोन केला, उचलेनात. साहेबांचा नंबर तळमजल्यावाल्यांकडून मिळाला, त्यांना लावला.

"मिस्त्री आहेत का तिथं?"

"आहेत की. बाहेर आहेत."

"बाहेर म्हणजे?"

"छज्ज्यावर."

"त्यांना म्हणावं हलू नका, मी येतो!" (कोल्हापूरच्या बायका आम्ही, 'येतो'च म्हणतो.) बेल्ट गळ्यात घातला आणि गाडीला किक मारली. सिग्नल कुठले लागले, मला आठवत नाही.

वर गेले. साहेबांच्या बेडरूममध्ये भिंतभर सागवानी कपाट, आणि कपाटाच्या मधोमध चौकटीत एसीचं नुसतं तोंड. फर्निचरवाल्यानं चारी बाजूंनी असं बंद केलेलं, की मशीन आत ओढणं शक्यच नाही. कपाटाला हात लावायचा नाही म्हणून साहेबांनी यांना बाल्कनीतून ढांग टाकून छज्ज्यावर जायला लावलेलं. आणि हे गेले! शेजारच्या खिडकीच्या ग्रिलबाहेर यांचा चेहरा दिसला. मला बघून ओशाळं हसले. "झालंच की."

ओरडायचं होतं, पण ओरडले नाही. दचकले असते. ग्रिलमधून बेल्ट दिला, घालून घेतला, त्याची बकलं स्वतः ओढून बघितली. रॉडचा पाय त्यांना उचलवेना. आल्या वाटेनं ती ढांग पुन्हा टाकणं जमणार नाही, हे त्यांनाही कळलं होतं.

पहिला हुक ग्रिलला लावला. साहेब म्हणाले, "अहो, कालच रंग दिलाय त्याला!"

दुसरा हुक घेतला आणि साहेबांच्या कमरेच्या पट्ट्याला अडकवला. खट्!

"हे, हे काय?"

"दुसरा हुक. ग्रिल पक्कं हाय न्हवं?"

साहेबांनी ग्रिलकडं बघितलं. मग स्क्रूंकडं बघितलं. मग दोन्ही हातांनी पलंग धरला. "मिस्त्री, हलू नका! अहो वैनी, त्यांना आत घ्या आधी!"

"कुठनं घेऊ? बाल्कनीतनं जमत न्हाय आता. एकच वाट हाय. एसी आत ओढायचा, आणि त्या भोकातनं माणूस आत."

"मग ओढा की!"

"मधी तुमचं कपाट हाय."

साहेब कपाटाकडं बघतायत, माझ्याकडं बघतायत, दोरीकडं बघतायत.

तेवढ्यात इतका वेळ दारात नुसत्या उभ्या असलेल्या त्यांच्या मिसेस स्वयंपाकघरात गेल्या आणि खलबत्त्यातला लोखंडी बत्ता घेऊन आल्या. साहेबांकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. पदर खोचला आणि मला म्हणाल्या,

"वैनी, कुठनं सुरू करू?"