तोंडात कापसाचा बोळा

देश स्वतंत्र होऊन आठ-नऊ वर्षं झाली असतील. मी दंतवैद्यकाच्या शेवटच्या वर्षाला होते. आमचे सर आम्हा सहा जणांना मुंबईहून थेट मूल नावाच्या गावी शिबिरासाठी घेऊन आले. त्यांचं म्हणणं असं की दात काढणं सरावानं हाताला येतं, रोग्याशी बोलणं मात्र कुणी शिकवत नाही. अट एकच होती. प्रत्येकानं एकट्यानं एका रोग्याला समजावून दात काढायचा आणि मग त्या रोग्यानं स्वतः सरांना सांगायचं, मला नीट समजावलं. नाहीतर परीक्षेच्या अर्जावर सही नाही.

पाच जणांचं झालं, राहिले मी. कारण माझी जीभ. पहिल्याच दिवशी एका आजोबांना मी म्हणाले, "तोंड उघडायला काय मुहूर्त काढू?" ते चपला घालून चालते झाले. सरांनी सगळ्यांसमोर मला फैलावर घेतलं. मला रडूही आलं आणि रागही.

शेवटच्या सकाळी मी गोड बोलायचं ठरवूनच आले. भातगिरणीच्या ओसरीवर आमचा दवाखाना होता. एक लाकडी आरामखुर्ची आणि मान टेकायला कोंड्याचं पोतं. सात-आठ माणसं ओळीनं बसली होती. 'काय करणार ते रोग्याला आधी सांगा,' असं सरांनी शिकवलेलं. मी ते जरा जास्तच मनावर घेतलं. ट्रे घेऊन ओळीसमोर उभी राहिले आणि सुई, चिमटा, एकेक हत्यार उचलून ते कुठं घालणार, किती जोर लावणार, सगळं सविस्तर सांगितलं. माझं मलाच कौतुक वाटत होतं. मान वर केली तर ओसरी रिकामी!

उरली होती फक्त एक म्हातारी, जंगलाकडच्या गावाहून चालत आलेली. गाल टम्म सुजलेला.

"तुम्ही नाही गेलात?" मी विचारलं.

"कुठी जाऊ? दुखून राह्यलं ना मले." तिनं मला नीट न्याहाळलं. "पोरी, तुहा दात काढला काय कोनी कधी?"

थाप मारायला तोंड उघडलं, पण जमेना. "नाही. एक किडलाय चार महिन्यांपासून. भीती वाटते म्हणून कुणाला सांगितलं नाही."

म्हातारी इतकी हसली की तिला गाल धरावा लागला. "मंग पयले तू बस. मले पाहू दे."

सर मागेच उभे होते. त्यांनी बाह्या वर सारल्या. मी बसले. म्हातारीनं माझा हात धरून ठेवला. पळालेली माणसं परत येऊन डोकावू लागली. मी एकदाच ओरडले, तेही सुई लागायच्या आधी. दात निघाला. सरांनी कापसाचा बोळा चावायला दिला आणि बजावलं, "अर्धा तास बोलायचं नाही."

म्हातारी आपणहून खुर्चीत बसली. ओठ बधिर, तोंडात बोळा, मी बोलणार कशी? मी सुई दाखवली आणि माझ्या गालावर बोट ठेवलं. तिनं मान डोलावली. तिनं हात वर केला की मी थांबायची, तिनं डोळे मिटून होकार दिला की पुढं जायची. दोनदा थांबले. एरवी मी वैतागले असते, त्या दिवशी घाईच वाटली नाही. दात हातात आला तेव्हा मला ओसरीवर नाचावंसं वाटत होतं. मागं ओळ पुन्हा लागली होती.

सर अर्ज घेऊन तिच्यापुढं आले. "बाई, हिनं तुम्हाला नीट समजावलं का?"

म्हातारीनं आपल्या तोंडातला बोळा काढून हातात घेतला.

"हो भाऊ. लय चांगली बोलते पोरगी," ती म्हणाली आणि बोळा परत दाताखाली धरला.